पँटेरा आणि चुकीचे खाते

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारगाडीवर लिहावे, हे विज्ञान शाखेतील मित्रांना अतिक्रमण वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या गाडीत मला यंत्रशास्त्राहून हिशेबाचा प्रश्न मोठा दिसतो, आणि हिशेबाच्या बाबतीत इटलीशी आम्हा वाणिज्यवाल्यांचे नाते पाचशे वर्षांचे आहे. १४९४ साली व्हेनिस शहरात लुका पाचोली या फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूचा गणितावरील ग्रंथ छापला गेला. व्हेनिसचे व्यापारी ज्या दुहेरी नोंद पद्धतीने वह्या लिहीत, ती या ग्रंथामुळे छापील रूपात जगापुढे आली. आज आपण रोजकीर्द लिहितो, तीवरून खतावणी करतो आणि शेवटी तेरीज मांडतो, ती मूलतः तीच पद्धत.

या तेरजेची एक उणीव पहिल्याच वर्षी शिकवली जाते. रक्कम बरोबर आहे, बाजूही बरोबर आहे, पण ती भलत्याच खात्यावर खतावली गेली, तर तेरीज बिनतक्रार जुळते. रामरावांच्या नावे टाकायची रक्कम शामरावांच्या नावे पडली, तरी दोन्ही बाजूंची बेरीज सारखीच येते. हिशेबनीस समाधानाने वही मिटतो. शामराव विनाकारण देणेकरी ठरतात आणि रामराव सुटतात. माझे म्हणणे असे की, दे तोमासो पँटेरा या इटालियन स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत जगाने नेमकी हीच चूक केली. आणि दोन भाषांत वाढलेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांच्या बाबतीतही ती रोज होत असते.

पँटेरा या इटालियन शब्दाचा अर्थ बिबट्या. १९७० साली ही गाडी जगापुढे आली आणि १९९० नंतरची दोन-तीन वर्षे धरून तब्बल वीस वर्षांहून अधिक काळ बनत राहिली. इतके दीर्घायुष्य या जातीच्या फार थोड्या गाड्यांना लाभले. तरीही जाणकारांच्या बैठकीत तिचे नाव निघाले की एक शेरा ठरलेला असतो : 'ना धड इटालियन, ना धड अमेरिकन.' अंग इटलीचे, हृदय अमेरिकेचे. म्हणून ती खरी घरंदाज नव्हे. आणि म्हणूनच तिची फजिती झाली, असे हे अनुमान. यातले पहिले विधान खरे आहे. फजिती झाली हेही खरे आहे. चूक आहे ती त्या मधल्या 'म्हणून'मध्ये.

आधी थोडे गाडीविषयी. सर्वसाधारण मोटारीचे इंजिन पुढच्या भागात असते. मिड-इंजिन गाडीत ते चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या चाकांच्या आसापुढे बसवतात. गाडीतील सर्वांत जड वस्तू अशी मध्याजवळ आली की वळण घेताना गाडी चपळ होते. डोक्यावर ओझे घेतलेला हमाल ते तोलून चालतो, पण तेच ओझे हात लांब करून धरले तर त्याला वळताही येणार नाही, तत्त्व तेच. शर्यतीच्या गाड्यांनी १९६० च्या आसपास ही रचना स्वीकारली. रस्त्यावरच्या गाडीत ती आणणे अवघड होते, कारण इंजिनाची उष्णता आणि आवाज बसणाऱ्याच्या थेट पाठीशी येतात व सामानाला जागा उरत नाही. १९६६ साली लँबोर्गिनी कंपनीने मिउरा ही गाडी जिनिव्हाच्या प्रदर्शनात आणली, तेव्हापासून या रचनेला खरी प्रतिष्ठा मिळाली.

परंतु त्याच्याही आधी मोदेना शहरातल्या एका लहान कारखान्यात अशी गाडी तयार झाली होती. कारखान्याचा मालक इटालियन नव्हता. आलेहांद्रो दे तोमासो याचा जन्म १९२८ सालचा, ब्युनॉस आयर्सचा. राजकीय कारणांनी १९५५ मध्ये त्याला अर्जेंटिना सोडावे लागले. तो इटलीत आला, शर्यतीत गाड्या चालवू लागला आणि इझाबेल हॅस्केल या अमेरिकन महिलेशी विवाहबद्ध झाला. तीही शर्यतीत गाड्या चालवीत असे. १९५९ साली त्याने मोदेनात स्वतःची कंपनी काढली. फेरारीचे मारानेल्लो तेथून हाकेच्या अंतरावर, मासेराटी तर त्याच गावात! अशा ठिकाणी परक्या माणसाने मोटारीचा कारखाना काढणे म्हणजे पंढरपुरात जाऊन कीर्तन मांडण्यासारखे होते. आपल्या गाडीच्या बोधचिन्हावर त्याने अर्जेंटिनाच्या ध्वजाचे निळे-पांढरे पट्टे घेतले आणि त्यावर आपल्या घराण्याच्या कुरणातील गुरांना डागण्याची खूण घेतली. आपण कोठून आलो, हे त्याने लपवले नाही.

त्याच्या रस्त्यावरच्या पहिल्या गाडीचे नाव वालेलुंगा. रोमजवळच्या शर्यतीच्या मैदानावरून ते ठेवले होते. तिच्यात इंजिन होते इंग्लंडमध्ये बनणाऱ्या फोर्ड कॉर्टिना या घरगुती मोटारीचे, अवघे दीड लिटरचे. या गाड्या पन्नासच्या आसपास निघाल्या. नंतर १९६७ साली आली मांगुस्ता, म्हणजे मुंगूस. अमेरिकेत कोब्रा नावाची स्पोर्ट्‌स कार गाजत होती. नागाला मुंगूस भारी, अशी त्या नावामागची कथा सांगतात. मांगुस्ताचे रूप जॉर्जेत्तो जुजारो याने रेखले आणि इंजिन होते अमेरिकन फोर्डचे, आठ सिलिंडरचे. रूप अप्रतिम, परंतु वजनाचा भार मागच्या चाकांवर फार आणि सांगाडा हवा तितका ताठ नाही. १९७१ पर्यंत सुमारे चारशे मांगुस्ता बनल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्वतःचे इंजिन घडवणे हा मोटारधंद्यातला सर्वांत मोठा भांडवली खर्च. लहान कारखान्याने त्यात पैसा घातला तर तो बुडण्याचा धोका मोठा. दे तोमासोने बाहेरचे, घडलेले, स्वस्त आणि खात्रीचे इंजिन घेतले व आपला पैसा सांगाडा आणि रूप यांवर लावला. असे करणारा तो एकटा नव्हता; मिलानजवळच्या इझो कंपनीनेही १९६२ पासून आपल्या गाड्यांत अमेरिकन शेव्हरोलेची इंजिने बसवली होती. अर्थशास्त्राच्या पुस्तकात यालाच श्रमविभाग म्हणतात. पण पुस्तकात जे शहाणपण ठरते, ते मोटारीच्या शौकिनांत कुळाला लागलेला बट्टा ठरते!

आता पँटेराकडे. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने १९६३ साली फेरारी विकत घेण्याचा प्रयत्न केला होता. तो अखेरच्या क्षणी फसला. त्या ईर्ष्येने फोर्डने जीटी ४० ही मिड-इंजिन शर्यती गाडी तयार करवली आणि १९६६ साली ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. शर्यत जिंकली, पण दुकानात मांडून विकता येईल अशी गाडी हाती नव्हती. जनरल मोटर्सकडे कॉर्व्हेट होती. ती उणीव भरून काढायला दे तोमासो तयार होता. फोर्डने त्याच्या उद्योगात भांडवल घातले, आणि ठरले असे की गाडी इटलीत बनवायची व अमेरिकेत फोर्डच्याच लिंकन-मर्क्युरी विक्रेत्यांनी विकायची. मार्च १९७० मध्ये मोदेनात आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पँटेरा लोकांनी पाहिली. १९७१ मध्ये ती दुकानात आली.

तिची जन्मपत्रिका पाहू. सांगाडा जानपाओलो दाल्लारा या इटालियन अभियंत्याचा. लँबोर्गिनी मिउराच्या मागेही हाच माणूस होता. मांगुस्ताचा कणा टाकून देऊन त्याने येथे पोलादी पत्र्याचे एकसंध अंग बनवले. रूप टॉम चार्डा याचे. चार्डा जन्माने अमेरिकन, डेट्रॉइटचा. त्याचे वडील हॉलंडहून आलेले. त्यांनीच एके काळी लिंकन झेफिर या गाजलेल्या गाडीचा मूळ आराखडा केला होता. मुलगा वास्तुशास्त्र शिकून १९५८ साली इटलीत गेला तो तिथलाच झाला. म्हणजे बापाने लिंकनसाठी काम केले, आणि मुलाची इटलीत रेखलेली गाडी लिंकनच्या दुकानात विकायला आली! चार्डा ज्या गिया संस्थेत काम करी ती तुरिनची. अंगाचा पत्रा तुरिनच्याच विन्याले कारखान्यातला. गिअरपेटी जर्मनीच्या झेडएफ कंपनीची, पाच गतींची. इंजिन फोर्डचे, ३५१ घन इंचांचे, म्हणजे सुमारे पावणेसहा लिटरचे. ओहायो राज्यातील शहरावरून त्याला क्लीव्हलँड म्हणत. शक्ती तीनशे अश्वशक्तीहून अधिक, वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आणि मालक अर्जेंटिनाचा.

किंमत सुमारे दहा हजार डॉलर. त्या वेळी फेरारीच्या मोठ्या गाडीला याच्या दुपटीच्या आसपास रक्कम मोजावी लागे. स्वस्तपणाचे कारण उघड होते : इंजिन फोर्डच्या इतर मोटारींसाठी मोठ्या संख्येने बनतच होते. शिवाय ते बिघडले तर अमेरिकेतल्या कोणत्याही गावचा फोर्डचा मिस्त्री दुरुस्त करू शके. फेरारीच्या बारा सिलिंडरच्या इंजिनाला हात लावणारे मिस्त्री अमेरिकेभर बोटांवर मोजण्याइतके. घरंदाजपणाची किंमत असते आणि ती गिऱ्हाईकच भरतो, हे विसरू नये.

मग फजिती कोठे झाली? १९७२ या एका वर्षातच हजाराच्या वर पँटेरा अमेरिकेत उतरल्या, आणि त्यांच्याबरोबर तक्रारीही उतरल्या. रहदारीत गाडी थांबली की पाणी उकळे. पत्र्याचे जोड नीट बसत नसत. ते दडवण्यासाठी शिसे भरून वरून रंग दिलेला असे. विजेच्या तारा दगा देत. आतल्या पोकळीत पाणी साचून पत्रा गंजे. तो प्रसिद्ध किस्साही याच गाडीचा : गायक एल्व्हिस प्रेस्ली याची पिवळी पँटेरा एकदा सुरू होईना, तेव्हा त्याने रागाने पिस्तूल काढून तिच्यावर गोळ्या झाडल्या. त्या खुणांसह ती गाडी लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयाने जतन केली. पँटेराचे नाव निघाले की हा विनोद सांगितला जातोच. विनोद सांगून झाला की शेराही येतोच : दोन घरचा पाहुणा उपाशी!

येथे हिशेबनिसाने थांबून प्रत्येक तक्रार कोणत्या खात्याची आहे हे पाहिले पाहिजे. तक्रारींचा भर परक्या इंजिनावर नव्हता. ते दणकट म्हणूनच ओळखले जाई. जर्मन गिअरपेटीही त्यांच्या मुळाशी नव्हती. तिला तर तज्ज्ञ आजही मान देतात. पाणी थंड ठेवण्याची व्यवस्था अपुरी होती, पत्र्याचे काम कच्चे होते, तारा हलक्या होत्या. गंज हा तर त्या काळच्या अस्सल इटालियन गाड्यांचाही रोग होता. लान्चिया बीटा ही गाडी नखशिखांत इटालियन. पण १९८० साली इंग्लंडमध्ये गंजलेल्या बीटा कंपनीला गिऱ्हाइकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या. तेथे कोणी संकराला बोल लावला नाही, कारण लावायला संकरच नव्हता.

खरे कारण मला असे दिसते की, गाडी पुरी होण्याआधीच विकली गेली. मांगुस्ता चार वर्षांत चारशे बनवणाऱ्या माणसाकडून फोर्डला वर्षाला हजारो हव्या होत्या, आणि त्या लगेच हव्या होत्या. प्रदर्शन ते दुकान हे अंतर जेमतेम दीड वर्षाचे. जी परीक्षा कारखान्याने घ्यायची, ती गिऱ्हाइकाच्या पैशाने रस्त्यावर घेतली गेली. एल्व्हिसच्या गोळ्या घाईच्या नावे पडायला हव्या होत्या; त्या मिश्रणाच्या नावे पडल्या. तेरीज मात्र जुळली!

यावर एक सबळ आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोणी म्हणेल की, ही घाई तरी कोठून आली? मोदेनाचा हातकारागीर आणि डेट्रॉइटचा यांत्रिक पट्टा यांचा मेळ घालण्यातूनच ना? म्हणजे दोष अखेर मिश्रणाकडेच जातो. या आक्षेपात तथ्य आहे. दोन पद्धती एकत्र आणायच्या तर एकाच पद्धतीच्या कामाहून अधिक वेळ, अधिक काळजी आणि दोन्हीकडचे जाणणारी माणसे लागतात. पँटेराच्या आरंभी हा वेळ दिला गेला नाही. परंतु यावरून सिद्ध होते ते इतकेच की जोड कच्चा राहिला. जोडच देऊ नये, हे सिद्ध होत नाही. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने आहेत. तेथील कोणत्याही कामगाराला विचारा, शुद्ध लोखंडाचे ओतकाम कोण करतो? ज्याला आपण बीड म्हणतो त्या लोखंडात कर्ब आणि सिलिकॉन प्रमाणात मिसळलेले असतात, म्हणून ते साच्यात नीट वाहते. पँटेराच्या इंजिनाचा ठोकळाही बिडाचाच होता. प्रमाण चुकले, ताप कमी पडला, तर नग फुकट जातो. पण म्हणून कोणी मिसळणे सोडत नाही, भट्टी सुधारतो. भेसळ आणि मिश्रधातू यांत हाच फरक आहे.

आणि भट्टी सुधारलीही. फोर्डने विन्यालेच्या पत्रा-कामात लक्ष घातले, पाणी थंड ठेवण्याची व्यवस्था सुधारली. १९७२ च्या ऑगस्टमध्ये 'पँटेरा एल' आली. हा 'एल' म्हणजे लुस्सो, ऐषारामी. अमेरिकन नियमांसाठी तिला पुढे एक मोठा काळा बंपर होता आणि धूरनियमांमुळे शक्ती कमी झाली होती. युरोपात अधिक शक्तीची जीटीएस निघाली. १९७४ मध्ये त्याच नावाची सजावट अमेरिकेतही मिळू लागली. गाडी सुधारत होती, पण १९७३ चे तेलसंकट आले, अपघात-सुरक्षेचे नवे नियम आले, आणि फोर्डने हात आखडला. १९७५ पर्यंत अमेरिकेतील विक्री संपली. तोवर तेथे सुमारे साडेपाच हजार पँटेरा गेल्या होत्या. तुलनेसाठी सांगतो : मिउरा सात वर्षांत साडेसातशेच्या आसपास बनल्या, आणि तिची प्रख्यात वारस कुंताश सोळा वर्षांत दोन हजारांच्या आसपास. 'फसलेल्या' गाडीची ही संख्या!

गियाचे नाव फोर्डकडेच राहिले व पुढे ते फोर्डच्या साध्या घरगुती मोटारींच्या महागड्या आवृत्त्यांवर चिकटवले गेले. दे तोमासोकडे राहिली पँटेरा. मोठा भागीदार गेला, मोठी बाजारपेठ गेली. सर्वांना वाटले, आता ही बंद पडणार. पण येथेच त्या मिश्र पद्धतीचा गुण दिसतो. ज्या गाडीचा एकेक भाग वेगळ्या ठिकाणाहून येतो, तिचा एक धागा तुटला तर दुसरा बांधता येतो. अमेरिकेत क्लीव्हलँड इंजिन बनणे १९७४ मध्ये थांबले. परंतु फोर्डच्या ऑस्ट्रेलियातील शाखेने ते पुढे काही वर्षे चालू ठेवले, आणि पँटेरा ऑस्ट्रेलियन इंजिनांवर धावू लागली. अंग बाहेरच्या लहान कारखान्यांतून करून घेतले जाऊ लागले. वर्षाला हजारांऐवजी आता मोजक्याच गाड्या निघत, पण त्या निगुतीने हाताने बनत. १९८० मध्ये जीटी ५ आली, रुंद टायर झाकण्यासाठी चाकांवर फायबरग्लासची फुगीर झाकणे रिव्हेटने ठोकलेली. काही वर्षांनी जीटी ५-एस मध्ये ते फुगार अंगातच नीट मिसळले. १९९० साली मार्चेल्लो गांदिनी याने, म्हणजे मिउरा आणि कुंताश यांच्या रेखाटनकाराने, पँटेराला अखेरचे रूप दिले, आणि आत फोर्डचेच पाच लिटरचे नवे इंजिन आले. ही शेवटची आवृत्ती चाळीसच्या आसपासच निघाली. सर्व मिळून सात हजारांच्या थोड्या वर पँटेरा बनल्या.

दे तोमासो २००३ मध्ये मोदेनातच वारला आणि पुढच्या वर्षी कंपनी अवसायनात गेली. नंतर नव्या मालकांनी ते नाव विकत घेऊन २०१९ मध्ये पी ७२ ही गाडी दाखवली. तिच्यातही इंजिन फोर्डचेच निवडले. असो.

शुद्धतेचा आग्रहही कसा सोयीचा असतो पाहा. लँबोर्गिनी कंपनी १९८७ मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लरने घेतली आणि १९९८ पासून ती जर्मन ऑडीच्या मालकीची आहे; तरी तिला कोणी अर्धी इटालियन म्हणत नाही. मालक परका चालतो, भांडवल परके चालते. पण इंजिनावरचे नाव परके दिसले की नाक मुरडायचे! ज्याला यश मिळाले त्याच्या मिश्रणाला आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणायचे आणि ज्याची फजिती झाली त्याच्या मिश्रणाला संकर, असा हा न्याय.

मित्रहो, आता घरच्या वहीकडे वळतो. याच अंकाची पाने उलटताना मध्येच लिपी बदलते. आपल्यापैकी कित्येकांचा दिवसही असाच उलटतो : घरात मराठी, बाजारात कन्नड, वर्गात इंग्रजी. गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत माझा एक मित्र उतरला. त्याचे वाक्य 'की'वर संपते, स्वर मध्येच कन्नड वळण घेतो. परीक्षकांनी निकाल देताना त्याच्या 'मिश्र भाषे'वर कोटी केली आणि सभागृह हसले. मित्र हरला. परंतु मी त्याच्याबरोबर होतो म्हणून सांगतो, भाषणाची तयारी त्याने आदल्या रात्री सुरू केली होती. मुद्दे निम्मेच झाले होते आणि शेवट त्याने तिथल्या तिथे जुळवला. हरण्याचे कारण ते होते. परीक्षकांनी रक्कम भाषेच्या खात्यावर टाकली. आणि सर्वांत वाईट हे की, मित्रानेही ती मान्य केली! तेव्हापासून तो म्हणतो, 'आम्ही सीमेवरचे, आमचे असेच असायचे.' यंदा तो स्पर्धेत उतरला नाही.

चुकीच्या खात्यावरील नोंदीने दुहेरी नुकसान होते ते असे. निर्दोष खाते बदनाम होते, ही एक बाजू. तिच्यावर आपण पुष्कळदा चिडतो. पण सदोष खाते मोकळे सुटते, ही दुसरी बाजू. तिच्याकडे आपण सोयीस्कर डोळेझाक करतो. मुंबई-पुण्याकडचे कोणी आपल्या मराठीला हसले, धारवाडकडचे कोणी आपल्या कन्नडला हसले, तर राग यावा, अवश्य यावा. पण आपले कन्नड पत्र व्याकरणात चुकले, आपल्या मराठी निबंधात मुद्दाच नव्हता, तर त्याला सीमाभागाचे नाव देऊन सुटका करून घेणे हा त्याच चुकीच्या नोंदीचा आपण केलेला उपयोग होय. दोन भाषा येणे हा गुन्हा नाही, आणि ती सबबही नाही. दोन्ही अर्ध्या येणे हा मात्र कच्चा जोड आहे. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि तो एका भाषेला लागणाऱ्या वेळेहून अधिकच लागतो. फोर्डने जो वेळ द्यायला नको म्हटले, तो आपण द्यायला हवा.

म्हणून प्राध्यापकवर्गाला विनंती अशी की, आमच्या चुका दाखवताना त्या नेमक्या कोणत्या खात्याच्या आहेत हे सांगावे. 'तुझी भाषा मिश्र आहे' या शेऱ्याने आम्हाला काय सुधारायचे ते कळत नाही. 'तुझा दुसरा मुद्दा सिद्ध झाला नाही' याने कळते. आणि विद्यार्थी मित्रांना सांगणे असे की, पुढल्या वेळी हार झाली तर तेरीज जुळली एवढ्यावर वही मिटू नका. प्रत्येक रक्कम कोणाच्या नावे पडली आहे, ते एकदा खतावणी उघडून पाहा.